सगळ्याला ‘हो’ म्हणणारं यंत्र

साखर कारखान्याच्या ऑफिसासमोर झुंबड उडाली होती. १९७८ सालचं गळीत नुकतंच सुरू झालेलं, आणि आत कॉम्प्युटर बसलेला! बायका दारातूनच हळदकुंकू वाहत होत्या. हरिबा मुकादमानं तर उंबऱ्यावर नारळ फोडला.

“माणूस खोटं बोलेल, यंत्र बोलणार नाही!” मुंबईचे तज्ज्ञ सबनीस हात उंचावून सांगत होते. “याला ना सोयरा, ना भावकी. तोडणीचे सगळे नियम मी याच्या पोटात घातलेत. विचारा आणि निश्चिंत व्हा!”

चेअरमन लालासाहेबांचा ऊस आज तोडावा का, असं सबनीसांनी यंत्राला विचारलं. यंत्र खडखडलं. उत्तर आलं, ‘येस’. मग शालूबाईचा ऊस थांबवावा का? ‘येस’. लोकांनी हात जोडले.

शालूबाईचा नवरा फौजेत. नदीकाठच्या तिच्या उसाला तुरे येऊन गेले होते, कांड्या पोकळ पडू लागल्या होत्या. “आवं सायेब, माजा ऊस वाळतोय!” ती कळवळली.

“व्हय गं, पन यंत्रच म्हनतंय,” हरिबा म्हणाला.

शालूबाईच्या शेजारच्या मळ्यातल्या तवनाप्पांची लेक गुणमाला सांगलीच्या कॉलेजात गणित शिकवायची. शालूबाईनंच तिला बोलावून आणलं होतं. ती पुढे झाली.

“आता विचारा, शालूबाईंचा ऊस आज तोडावा का?”

सबनीस कुरकुरले, पण गर्दीसमोर नाही म्हणता येईना. ‘येस’.

“हे यंत्र रोज दोन मोळ्या ऊस खातं का?”

‘येस’.

गर्दीत हशा पिकला, हरिबाही हसला. सबनीसांचा चेहरा उतरला.

“यात चमत्कार नाही,” गुणमाला म्हणाली. “भिंतीवर लावलेली नियमांची यादी मी वाचली. एका संचालकानं सांगितलं, नदीकाठचा ऊस आधी तोडा. दुसऱ्यानं सांगितलं, शेवटी तोडा. सबनीस साहेबांना कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून दोन्ही भरलं. यंत्र काय करतं? आपल्या प्रश्नाच्या उलट धरून चालतं, आणि कुठं विसंगती सापडली की प्रश्नाला हो म्हणतं. विसंगती तर आधीच त्याच्या पोटात आहे! म्हणून सगळ्यालाच हो. काय विचारायचं, तेवढं साहेब ठरवतात.”

“मग कराय काय पायजे?” शालूबाईनं विचारलं.

“यंत्राला चार उत्तरं शिकवायची. हो, नाही, दोन्ही बाजूंनी सांगितलंय, आणि कुणीच काही सांगितलेलं नाही. तिसरं आलं की संचालकांनी बसून वाद मिटवायचा. चौथं आलं की मळ्यात जाऊन ऊस बघायचा.”

लालासाहेब शांतपणे म्हणाले, “बाई, चार उत्तरं दिली तर गावात चार तट पडतील. आमाला एकच बरं.”

आणि मघाशी हसलेला हरिबाच पुटपुटला, “देवाच्या तोंडून ‘ठावं न्हाई’ कसं ऐकायचं?”

गर्दीनं माना डोलावल्या. तोडणीच्या टोळ्या लालासाहेबांच्या मळ्याकडं गेल्या.

शालूबाईचा ऊस शेवटपर्यंत उभा राहिला. फाल्गुनात तिनं स्वतःच त्या वाळल्या उसाला काडी लावली. गुणमाला बांधावर तिच्याजवळ उभी होती. पुढच्या गळितालाही यंत्राची पूजा झाली.

बाबांनो, उत्तर देवळातून येवो की यंत्रातून, ‘कशावरून?’ एवढं तरी विचारा. जिथं माहीत नाही तिथं ‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नका. त्या दिवशी त्या गर्दीत मीही होतो; तेव्हाही हेच सांगितलं, आजही सांगतो. ऐकणारे तेव्हाही थोडेच होते.