लाईलने मला दोनदा विकत घेतलं

मित्रांनो, मी बियरचं जुनं पिंप आहे. नाक मुरडू नका. तुम्हाला प्यायला सांगत नाही, ऐकायला सांगतोय.

माझा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला. पोलादाच्या दोन वाट्या जोडून मला घडवलं आणि खांद्यावर मालकाचं, म्हणजे बियरच्या कारखान्याचं, नाव ठोकलं. बावीस वर्षं राबलो. ट्रकमधून फेकलं, तळघराच्या पायऱ्यांवरून गडगडवलं, लाथेने सरकवलं. वाहवा मात्र बियरची. बियर काय हवेतून तरंगत येत होती?

मग एका गृहस्थाने मला पार्टीला नेलं आणि परतच केलं नाही. म्हणे, "अनामत भरलीय, पिंप माझं!" अरे शहाण्या, ग्रंथालयात अनामत भरली म्हणून पुस्तक तुझं होतं का? पण तिथले अर्धे लोक असंच समजतात. सहा हिवाळे हा माणूस गोठलेल्या तळ्यावर माझ्यावर बसून मासे धरत होता. त्याचं वजन सांगत नाही, पोचा बघा. शेवटी त्याने अंगणात जुनं सामान विकायला काढलं, तेव्हा लाईल कुबियाकने मला उचललं.

लाईल शाळेची बस चालवतो आणि घरी बियर बनवतो. मुलीचं, मार्नाचं, लग्न सहा आठवड्यांवर आलेलं. "लग्नाला माझ्या हातची बियर!" असं हा गावभर सांगून बसला होता, आणि घरात सगळ्यात मोठं भांडं सूपचं. म्हणून माझं डोकं कापून बियर उकळायला माझा हंडा करायचा बेत.

त्याने माझ्या मानेतल्या कडीला पेचकस लावला, तोच सासूबाई दारात आल्या. आर्लीनबाई. तीस वर्षं बार चालवलेली बाई.

"जावईबापू, आतला वायू सोडलात?"

"आई, रिकामं आहे हो. हलकं लागतंय."

"तुमचं डोकंही हलकंच आहे, म्हणून त्यात हवा नाही असं समजायचं का? वायूच्या दाबाने आतली नळी उसळली तर जबडा जाईल. लग्नात फोटो पाठमोरा काढायचा का तुमचा?"

त्यांनी माझ्या तोंडावर फडकं टाकून झडप दाबली. फुस्स! सहा वर्षांचा आंबूस फेस लाईलच्या शर्टावर. मग बाईंनी त्याच फडक्याने माझा खांदा पुसला.

"नाव वाचलंत?"

"पैसे मोजलेत मी!"

"चोराला मोजलेत. कापायच्या आधी मालकाला विचारा."

"आणि त्याने ठेवून घेतलं तर? मार्नाला काय तोंड दाखवू?"

"खरं सांगा. आणि पाहुण्यांना सूपच्या भांड्यातून चमचा चमचा वाढा."

लाईलच्या हातात पोलाद कापायचा ग्राइंडर होता. कापलं असतं तर कुत्र्यालाही कळलं नसतं. त्याने बडबड केली, गाडीच्या टायरला लाथ मारली, आणि मला गाडीत घालून कारखान्यात नेलं.

तिथल्या ऑर्व्हिलने माझी मान चाचपली. "झिजलंय. आम्ही आता भरत नाही हे. भंगार."

भंगार! बावीस वर्षांच्या नोकरीचा हा निरोपसमारंभ!

"मग मला विका," लाईल पुटपुटला. ऑर्व्हिलने विक्रीचा कागद लिहून दिला. एकच पिंप दोनदा विकत घेणारा म्हणून बियरवाल्या मित्रांनी त्याची महिनाभर सालं काढली.

मग ग्राइंडर फिरला. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण मार्नाच्या लग्नाची बियर माझ्याच पोटात उकळली. जराशी गढूळ होती. आर्लीनबाईंनी ग्लास संपवला आणि परत पुढे केला. लाईलने तो काठोकाठ भरला.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर घ्या. पण आधी ती कुणाची ते बघा, आणि पोटातला वायू सोडल्याशिवाय हत्यार लावू नका. अनामत भरून आणलेलं परत नेऊन द्या, मेहेरबानी म्हणून नाही, ते तुमचं नाही म्हणून. आणि काम झालं की घासून ठेवा. परवाच्या रविवारी लाईलने नवी बियर उकळली. चार दिवस जवाचा चोथा माझ्या पोटात आंबतोय आणि हा मित्रांपुढे छाती फुगवून भाषणं ठोकतोय. अरे, कुणीतरी त्याच्या सासूला बोलवा!