शेवटचे दोन तुकडे

हात्सुएच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचं पठण संपवून आम्ही देवळाबाहेर आलो. बायको गेल्यापासून घरात मांसमच्छी शिजली नव्हती. आज ते बंधन सुटणार होतं.

"इस्पितळासमोर एक लहानसं कटलेटचं दुकान आहे," जावई तोमोआकी म्हणाला. "चार जागा सांगून ठेवल्यात."

"तिथे कशाला? घरी काहीतरी करू."

"बाबा, आज तरी वाद नको," चिकाको म्हणाली. "आईला किती आवडायचं तिथलं."

आवडायचं, म्हणूनच मी कधी बोललो नव्हतो. हात्सुए त्या इस्पितळात दोन महिने पातळ पेजेवर होती. मी रोज अकराच्या बसने जायचो. "जेवलात का?" ती विचारायची. "घरून भाताचे गोळे आणले होते, खाल्ले," मी सांगायचो. मुलीलाही तेच सांगायचो. खरं म्हणजे मी समोरच्या दुकानात बसून जाड कापाचं कटलेट खाऊन यायचो. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज.

रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग होते. मी मुद्दाम मागे राहिलो. चिकाकोने दुकानाच्या दारावरचा पडदा बाजूला केला आणि आतून मालकीणबाईंचा आवाज आला, "या, या! अहो, सेगावा आजोबा! कुठे होतात इतके दिवस?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा, तुम्हाला इथे ओळखतात?" नानामीने विचारलं. ती नऊ वर्षांची आहे, तिचा आवाज दुकानभर जातो.

"ओळखतात म्हणजे?" मालकीणबाई हसल्या. "ती कोपऱ्यातली खुर्ची त्यांचीच. जाड काप, सॉस नको, मीठ आणि वाटलेली मोहरी, कोबी दोनदा." मग त्यांना आमचे काळे कपडे दिसले. त्यांनी हात पुसले आणि खाली वाकून नमस्कार केला.

आम्ही बसलो. प्रत्येकापुढे सॉसमध्ये घालायच्या तिळाचा छोटा खल आला. नानामी जोराजोरात तीळ कुटू लागली.

"हळू गं, पिठाची गिरणी आहे का?" तोमोआकी म्हणाला. कोणी हसलं नाही.

"रोज?" चिकाकोने विचारलं.

"बहुतेक रोज."

"आणि मी रोज रात्री फोनवर सांगायचे, बाबा, तब्येत सांभाळा, नुसते भाताचे गोळे खाऊन राहू नका." तिने खल बाजूला सारला. "चांगलं वेड्यात काढलंत मला."

कटलेटं आली. वरचा चुरा अजून चुरचुरत होता. मी खाली मान घालून खात राहिलो. एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं. मुलगी दोन दिवस रुसेल, मग विसरेल.

तेवढ्यात मालकीणबाई आतून एक कापडी गाठोडं घेऊन आल्या. जांभळ्या रंगाचं, हात्सुएचं.

"हे त्या दिवशी खुर्चीवर राहिलं होतं आजोबा. मी मागून हाका मारल्या, पण तुम्ही रस्ता ओलांडून पळत गेलात."

चिकाकोने ते त्यांच्या हातून घेतलं आणि गाठ सोडली. आत निळा, धुऊन घडी घातलेला रात्रीचा झगा होता. आईच्या शवपेटीत ठेवायला तिने तो घरभर शोधला होता. मी सांगितलं होतं, बसमध्ये राहिला. बर्फात बस अडकली म्हणून उशीर झाला, असंही सांगितलं होतं. मी पोहोचलो तेव्हा हात्सुएला जाऊन अकरा मिनिटं झाली होती.

"बस अडकली नव्हती," चिकाको म्हणाली.

"नाही."

"मी इस्पितळातून चार वेळा फोन केला होता."

तोमोआकीने नानामीला उठवलं. "चल, बाहेर बर्फ बघू."

"बर्फ काय बघायचा? रोज असतो."

"चल म्हटलं ना."

ती दोघं बाहेर गेली. चिकाकोने हळू विचारलं, "ऐकू आला नाही का?"

'नाही' म्हणता आलं असतं. माझे कान आता कामातून गेले आहेत, तिने विश्वास ठेवला असता. पण तो निळा झगा तिच्या मांडीवर होता.

"ऐकू आला. तुझं नाव दिसलं. वाटलं, जेवलात का म्हणून विचारशील, आणि तोंडात घास असताना खोटं कसं बोलू? दोन तुकडे राहिले होते. म्हटलं, संपवून करतो."

"आणि संपवलेत?"

"संपवले. सारही प्यायलो."

ती रडली नाही. झग्याची घडी नीट करत राहिली. माझ्या ताटात आजही दोन तुकडे उरले होते. मी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या.

"उचला," ती म्हणाली.

"नको गं."

"टाकून उठायचं नाही. तुम्हीच शिकवलंत. खा, बाबा. मी बघते."

ती समोर बसून बघत होती. मी एक तुकडा मिठात बुडवून खाल्ला, मग दुसरा. घशाखाली उतरणार नाहीत असं वाटलं होतं. उतरले. त्या दिवशी लागले होते तितकेच चांगले लागले.