वसुमतीअक्कांचं चांगलं मराठी

बोंबला! पुन्हा मॉडेल चालवलं आणि पुन्हा तेच उत्तर. तंजावूरचं मराठी आणि तमिळ यांच्यात म्हणे खास साम्य नाही. मग साम्य कुणाशी? तर माझ्या सांगलीच्या मराठीशी. म्हणजे माझ्या पीएचडीचे पुरते बारा वाजले.

काम सांगायला सोपं आहे. दोन भाषा तीनशेहून जास्त वर्षं एकाच गल्लीत नांदल्या की बोलण्याची चाल एकमेकींना लागते. आवाज कुठे चढतो, वाक्य कुठे टेकतं, सगळंच. माझं मॉडेल रेकॉर्डिंगमधून ही चाल शोधतं आणि दोन्ही भाषांच्या तळाचा एकच सांगाडा काढून दाखवतं. दाखवायला हवं होतं, असं म्हणा. मी मूळची कॉम्प्युटरवाली, कानापेक्षा आकड्यांवर विश्वास. राजवाड्यामागच्या मराठी घरांतली माणसं माझ्याशी इतकं छान बोलायची की माहेरी आल्यासारखं वाटायचं, आणि मी मूर्ख त्यातच खूश! गाइडनी कळवलं होतं, ही शेवटची मुदतवाढ, यानंतर नोंदणी रद्द. त्या मेलनं माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. इतकी वर्षं पाण्यात गेली हे आईला कुठल्या तोंडानं सांगणार?

बाहेरगावचं एक घर राहिलं होतं, पापनाशमला. राजगोपालमामा, बँकेतून निवृत्त झालेले. बसनं गेले, रेकॉर्डिंग केलं. मशीन बंद केल्याबरोबर मामा खुशीत म्हणाले, "कसं झालं माझं? वसुमतीनं सगळ्यांना ताकीद दिलेली. देशाकडची मुलगी येतेय, तमिळ मिसळायचं नाही, चांगलं मराठी बोलायचं. आम्ही टीव्हीवरच्या मराठी सीरियली बघून बघून प्रॅक्टिस केली!"

हसावं की रडावं कळेना. परतीच्या बसमध्ये दोन्ही केलं. शेजारची बाई हळूच सरकून बसली.

वसुमतीअक्का म्हणजे त्या गल्ल्यांतलं मोठं प्रस्थ. त्यांच्या एका शब्दावर मला घराघरांची दारं उघडली होती. त्या दुपारी त्यांचंही रेकॉर्डिंग ठरलं होतं. गेले तर अक्का रेशमी साडी नेसून तयार. मी मुकाट्यानं पदराला माइक लावला, मशीन सुरू केलं.

"बसा ना," अक्का गोड हसून म्हणाल्या. "आज हवा किती आल्हाददायक आहे, नाही?"

तंजावूरच्या मे महिन्यात! माझं टाळकंच सटकलं.

"अक्का, पुरे करा हे नाटक! तुम्ही माझं वाटोळं केलंत. मला तुमचं घरातलं बोलणं हवं होतं. हे टीव्हीतलं नको होतं! आता मला घरी हाकलतील, कळतंय का तुम्हाला?"

अक्का आधी पांढऱ्या पडल्या आणि मग अशा काही भडकल्या की बस. "अय्यो! पैत्यम झालें काय गे तुला, वेड लागलें? मी वाटोळें केलें? तूं आमच्या घरास आलीस म्हणून गल्लीभर फिरलें, ह्यास सांग, त्यास सांग, नीट बोला म्हणून जीव काढला. तें चुकलें काय? आम्हांस मान नाहीं काय गे?"

काय ती चाल! काय तो आवाज! शेवटी तमिळ बाईसारखा उंच हेलकावा. मी भांडण विसरून मशीनकडे पाहिलं. सुरूच होतं. तिथेच लॅपटॉप उघडला आणि तो तुकडा मॉडेलला दिला. पडद्यावर अक्कांच्या आवाजाची रेघ तमिळच्या रेघेवर अशी जाऊन बसली की मी किंचाळलेच. अक्कांना मिठी मारली. "हेच, अक्का, हेच! सगळ्यांना सांगा, असंच बोलायचं. मी पुन्हा घरोघरी जाते. माझं सगळं वाचेल!"

"ऐकूं," त्या म्हणाल्या.

मी हेडफोन त्यांच्या कानांना लावले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हें पुसून टाक."

"अक्का?"

"माझ्या लक्ष्मीप्रियेच्या लग्नास पुण्यास गेलों होतों. मी तोंड उघडलें आणि व्याह्यांचा मांडव हसला. माझी नक्कल केली. हसूं देत, परके लोक. पण माझी पोरगीही हसली गे." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "पुसून टाक."

मी नाव घालणार नाही म्हटलं. आवाज कुणाला ऐकवणार नाही, फक्त आकडे दाखवीन म्हटलं. पाय धरले. खरंच धरले, लाज कसली, बुडत होते मी. बोलणाऱ्यानं कधीही नको म्हटलं तर पुसायचं, हा नियम मीच घराघरांत ऐटीत सांगितला होता. आणि अक्काच नको म्हणाल्या तर दुसरं कुणी हो म्हणणार नव्हतं.

"अक्का," मी रडत म्हणाले, "हे गेलं तर तुम्ही असं बोलत होता हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

"कळूं नये म्हणूनच सांगतें."

मी मशीनमधून काढलं. लॅपटॉपमधून काढलं. रेघा गेल्या. अक्का चष्मा लावून शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मग पदरानं माझे डोळे पुसले.

"खरेंच गेलें ना? कुठें राहिलें तर नाहीं?"

"नाही, अक्का," मी म्हटलं. "कुठेच राहिलं नाही."