स्थानबद्ध आमदाराची जागा

१९७६ च्या फेब्रुवारीत लंकाबाई नाशिकच्या वकिलांच्या ग्रंथालयात आल्या. मी तिथला निवृत्त ग्रंथपाल. घरी कुणी नाही म्हणून रोज जाऊन बसायचो. त्यांचे यजमान धोंडीराम हे आमदार, आणीबाणीत मिसा कायद्याखाली, खटल्याविना, नाशिकरोडच्या तुरुंगात होते. मिसाचं नाव ऐकून वकील टाळायचे. कुणीतरी बाईंना माझ्याकडे धाडलं.

"भाऊ, आत गेलं की आमदारकी जाती का? शेजारीण मला आत्ताच माजी आमदारीणबाई म्हणती!"

मी हसलो. बऱ्याच महिन्यांनी.

उत्तर त्याच दुपारी सापडलं. गुन्हा शाबीत होऊन दोन वर्षांची शिक्षा झाली, तर अपात्रता. स्थानबद्धतेत गुन्हाही नाही, शिक्षाही नाही. एका जुन्या निकालात न्यायालयानं अशा सदस्याला सभागृहात जाण्याचा हक्क नाकारला होता, पण त्याची जागा गेली असं म्हटलं नव्हतं. फक्त सभागृहाच्या परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजेरी नको. म्हणजे रजेचा अर्ज हवा.

पण मी चुकीचं वाचलं असलं तर? "अजून एक निकाल बघतो, सोमवारी या," म्हणालो. पुढच्या सोमवारीही तेच म्हणालो. त्या एसटीनं यायच्या, समोर बसून फडक्यातली भाकरी सोडायच्या आणि अर्धी माझ्यापुढे सरकवायच्या.

तिसऱ्या सोमवारी म्हणाल्या, "भाऊ, बुक लय जाड हाय का हो?"

मी सगळं सांगितलं. अर्जही लिहून दिला. मग राहवलं नाही. "हे मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं."

"मग बोलला का नाय?"

"खात्री नव्हती." हे अर्धंच खरं होतं.

त्या उठल्या. "त्यांनी राजीनामा लिहून ठेवलाय, भाऊ. म्हणत्यात, हिसकावून घेण्यापरीस आपणच सोडलेली बरी. आज भेटीचा दिवस हाय. चला."

तुरुंगात भेट फक्त नातेवाइकांना. मी फाटकाबाहेर उभा राहिलो. तासाभरानं त्या बाहेर आल्या. अर्ज तसाच हातात होता, सहीची जागा कोरी.

"राजीनामा परवा सकाळीच धाडला," त्या म्हणाल्या.

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

"तुमची बस आली, भाऊ. जा तुम्ही."

त्यांना घरी, नांदगावला जायचं होतं. त्यांची एसटी दुसऱ्या बाजूनं सुटायची.