डावी खुर्ची

धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. विमानतळावरच्या वैमानिकांच्या खोलीत तिघं अडकून पडले होते आणि भिंतीजवळच्या यंत्राने तिघांनाही सारखाच पाणचट चहा पाजला होता.

त्यांतली एक कॅप्टनबाई. एका छोट्या कंपनीची पंख्याची विमानं ती चालवायची. सकाळी घरच्या गावाहून इथे, इथून परत, दुपारी आणखी एक फेरी, की संध्याकाळी घरी. घरी आठ महिन्यांचं बाळ होतं. इंजिनाला आग लागली तर काय करायचं हे तिला पायरी न पायरी पाठ होतं, त्यामुळे आकाशात ती शांत असायची. घरी तशी काही सोय नव्हती. बाळ जास्त झोपलं तरी ती घाबरायची आणि कमी झोपलं तरी. पहाटे निघताना ती त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, दारापर्यंत जायची आणि परत येऊन पुन्हा बघायची.

आज तिचा जीव आणखी एका गोष्टीने टांगणीला लागला होता. मोठ्या कंपनीने तिला बोलावलं होतं. येणार की नाही हे संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं, आणि तिचं अजून तळ्यात-मळ्यात चाललं होतं.

"यात विचार कसला करतेस?" जंबो म्हणाला. जंबो तिचा फ्लाइंग स्कूलमधला वर्गमित्र. अंगाने किडकिडीत, पण पहिल्या दिवसापासून तोंडी फक्त मोठ्या विमानांच्या गप्पा, म्हणून हे नाव. छोट्या कंपनीला रामराम ठोकून तो मोठीत गेला त्याला दोन वर्षं झाली होती. आज सुट्टी घेऊन आईवडिलांकडे निघाला होता आणि तिच्याच विमानाची वाट बघत बसला होता. समुद्र ओलांडून जाणारी विमानं, नावाजलेली शहरं, म्हातारपणाची सोय, असं सगळं त्याने सांगून झालं होतं. तुमच्या पंख्याच्या विमानात तर चहा निवायच्या आत गाव येतं, असंही वर ऐकवून झालं होतं.

"आणि तिथे हिला बसवणार कुठे?" आबांनी विचारलं. आबा म्हणजे छोट्या कंपनीतले सगळ्यांत जुने कॅप्टन, निवृत्तीला टेकलेले. त्यांचंही विमान धुक्यात उभं होतं.

आबांचा मुद्दा साधा होता. या धंद्यात सगळं रुजू झाल्याच्या तारखेवर चालतं. सुट्टी कुणाला आधी, कोणत्या गावाहून उडायचं, मंदी आली तर घरी कुणाला आधी पाठवायचं, सगळं त्या एका तारखेवर. आणि ती तारीख दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. इथे कॅप्टन म्हणून डाव्या खुर्चीत बसणारी बाई तिथे तारखांच्या यादीच्या तळाशी जाणार आणि पुन्हा उजव्या खुर्चीत सहवैमानिक म्हणून बसणार. डाव्या खुर्चीपर्यंत पोचेपर्यंत पोराला मिसरूड फुटेल, आबा म्हणाले.

त्यात आठवडाभर एक नवीनच वावटळ उठली होती. मोठी कंपनी छोटीला विकत घेणार म्हणे. मग दोन्हीकडच्या याद्या एक होणार. त्या तारखांप्रमाणे जुळवल्या, तर कॅप्टनबाईची तारीख छोट्या कंपनीतली, म्हणजे जुनी. जंबोची मोठ्या कंपनीतली, म्हणजे अलीकडची. हा हिशोब जंबोच्या डोक्यात तिथेच, कप हातात असताना शिरला.

"म्हणजे मी सुट्टीसाठी तुझ्यामागे रांगेत उभा राहणार?"

"शिस्तीत उभा राहा," ती म्हणाली.

आबा खो खो हसले, पण लगेच त्यांनी तिलाही जमिनीवर आणलं. विलीनीकरणाच्या भरवशावर राहू नकोस, ते म्हणाले. त्यांनी दोन विलीनीकरणं भोगली होती. एकदा याद्या नीट जुळल्या होत्या. दुसऱ्यांदा अटी समोरच्यांनी लिहिल्या आणि आबांच्या पूर्वीच्या कंपनीतले सगळेच्या सगळे दुसऱ्या यादीच्या खाली चिकटवले गेले. "गणवेश बदलला, टोपी बदलली, विमानाचा रंग बदलला. बदललं नाही ते एवढंच," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली.

थोडक्यात, दोघांपैकी खात्रीचं कुणालाच काही सांगता येत नव्हतं. मग तिने मनातलं बोलून टाकलं. विमान घरच्या गावात उतरायला वळतं ते बरोबर त्यांच्या गल्लीवरून. त्या वेळी सासूबाई बाळाला घेऊन गच्चीवर येतात आणि पिवळी चादर हलवतात. ती वरून समोरचा दिवा दोनदा मिचकावते, आणि बाळ हसतं. मोठ्या विमानात गेल्यावर त्याने वाट कुणाची बघायची?

जंबो या वेळी चेष्टा न करता बोलला. "गच्चीसाठी कुणी करिअर ठरवत नाही गं."

हे तिला लागलं, कारण पटलं. तिने फोन काढला, होकाराचे चार शब्द लिहिले आणि ते पाठवणार तेवढ्यात खिडकीबाहेर धावपट्टी दिसायला लागली. धुकं उठलं होतं. फोन खिशात गेला.

विमान भरलेलं होतं, त्यामुळे जंबोला वैमानिकांच्या मागची घडीची खुर्ची मिळाली. घरचं गाव जवळ आलं तेव्हा दुपार झाली होती. इतक्या उशिरा सासूबाई गच्चीवर कुठल्या असायला, बाळाची झोपायची वेळ ही. तिने तरी सवयीने खाली पाहिलं. पिवळी चादर हलत होती.

दहा हजार फुटांखाली कामाशिवाय चकार शब्द बोलायचा नाही, हा नियम. म्हणून शेजारच्या सहवैमानिकाला विचारायचं तिने उतरेपर्यंत पुढे ढकललं. तिने दिवा दोनदा मिचकावला आणि मग तिचं सगळं लक्ष हातांत आलं, कारण खाली वारा आडवा सुटला होता. विमानाचं नाक वाऱ्याकडे कललेलं ठेवून ती उतरत गेली, शेवटच्या क्षणी ते सरळ केलं, आणि आधी एक चाक, मग दुसरं, असं विमान अलगद टेकलं. मागून जंबोने सोडलेला सुस्कारा तिला ऐकू आला.

पंखे थांबल्यावर तिने विचारलं, "आईंना वेळ कशी कळली?"

सहवैमानिक गोंधळला. "कॅप्टन, त्या तर प्रत्येक विमानाला असतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. आम्ही सगळेच दिवा मिचकावतो. आबा तर न चुकता. त्या निळ्या शेपटीच्या कंपनीवाल्यांनीही सुरू केलंय."

जंबो हसत सुटला. "अख्ख्या आकाशाने डोळा मारलाय तुझ्या पोराला."

दुपारची फेरी रद्द झाली आणि ती जेवायच्या वेळेला घरी पोचली. नवरा दातांचा डॉक्टर, खालचा दवाखाना बंद करून नुकताच वर आला होता. बाळ चादरीवरच लोळत होतं. तिने सासूबाईंना विचारलं, तर त्यांना त्यात काही विशेष वाटेना.

"मला खालून काय कळतंय, तुझं कुठलं नि दुसऱ्याचं कुठलं? चुकून तुझंच सुटायला नको, म्हणून सगळ्यांना हलवते."

"आणि हा हसतो कुणाला?"

"दिवा मिचकावेल त्याला."

क्षणभर तिला वाईट वाटलं. इतके दिवस आपण समजत होतो, पोरगं आपली वाट बघतंय. आणि हा लबाड आकाशातल्या कुणालाही पटत होता. मग तिला हसूच आलं, आणि हसता हसता छातीवरचं काहीतरी उतरलं. ती नसली तरी गच्ची चालणार होती. बाळाचं काही अडणार नव्हतं.

म्हणजे आता खुशाल पाठवावा होकार. तिने फोन काढला. शब्द तयार होते. बोट मात्र पुढे जाईना.

"आता काय अडलं?" नवऱ्याने विचारलं. इतके दिवस त्याने मत दिलं नव्हतं, तू ठरवशील ते, एवढंच म्हणत आला होता, आणि त्याचाही तिला कधीकधी राग यायचा.

ती खुर्चीत बसली. आडव्या वाऱ्यातला तो क्षण अजून हातांत होता. "मी बाळाचं नाव पुढे करत होते," ती म्हणाली. "खरं सांगू? मला विमान उतरवायला आवडतं. डाव्या खुर्चीतून. रोज. तिथे आठवड्यातून एकदा-दोनदा समुद्र ओलांडायचा आणि त्यातही निम्म्या वेळा उतरवणार शेजारचा. मला नको ते."

"उद्या त्यांनी तुझी कंपनी घेतली आणि तुला यादीच्या तळाशी चिकटवलं तर?"

"तर बघू. तोपर्यंत तरी उतरवते."

यादीची भीती गेली होती असं नाही. पण ही भीती तिला ओळखीची वाटली, आडव्या वाऱ्यासारखी. तिने होकार पुसून नकार लिहिला आणि पाठवला. मग जंबोलाही कळवलं. त्याचं उत्तर लगेच आलं: वेडी आहेस, पण माझ्याआधी सुट्ट्या निवडशील तेव्हा एखादी मला ठेव.

सासूबाई ताटं मांडता मांडता सगळं ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "त्या कंपन्या एक झाल्या, तर विमानं पण सगळी एकाच रंगाची होणार का गं?"

"हो, आई."

"मग बरंच आहे. माझं चुकतंय असं कुणाला म्हणता यायचं नाही."

बाहेर घरघर ऐकू आली. बाळाने मान वर केली. सासूबाईंनी हातातलं ताट तसंच खाली ठेवलं, बाळाच्या अंगाखालची चादर ओढली आणि त्याला काखोटीला मारून जिन्याकडे निघाल्या. मागोमाग ती पण धावली. आबांचं विमान यायची वेळ झाली होती.