तारीख वहिनींची

"ज्याच्या हाती किल्ली, त्याच्या मनी कुलूप," आई भाजी चिरता चिरता म्हणायची. धाकट्या दिराला आज तो आवाज पुन्हा ऐकू आला. किल्ली वहिनींच्या हातात होती.

घराच्या पुढच्या खोलीत लांब टेबल, दोन टोकांना दीर-भावजयीचे संगणक. जगभरातल्या हौशी मंडळींना हाताशी धरून दोघं नकाशाचा एक प्रोग्रॅम बनवत आणि फुकट वाटत. दर आवृत्तीआधी वहिनी तारीख ठरवत. त्या दिवसापर्यंत तपासून झालेलं नवं काम आत. राहिलेलं थेट पुढच्या वर्षी. धाकट्यानं जिवाचं रान करून वाट शोधणारा नवा भाग लिहिला होता. ज्याची जागा तो घेणार, तो जुना भाग वहिनींचा होता, म्हणून तपासणीही त्यांच्याकडेच. मुदत आज दिवेलागणीला संपत होती.

"वाचून झालं का, वहिनी?"

"पहिल्या पानावरची टीप फार लांबलीये, भाऊजी. छाटा."

"काल आखूड होती म्हणालात! काम दिल्या दिवसापासून नुसती खुसपटं. घोडं कुठं पेंड खातंय ते सांगा ना."

"आवाज खाली. स्पीकरवर मंडळी ऐकतायत."

स्पीकरमधून दूरदेशीचा भाषांतरकार चाचरत म्हणाला, "आठवडाभर वाढवूया का मुदत?"

"एकदा वाढवली की सगळे कच्चंपक्कं आणून ओततात," वहिनी म्हणाल्या. "मागे भाऊजींच्या घाईनं नकाशा बघत लोक नदीत उतरले होते."

"म्हणून तर या खेपेला सगळ्यांच्या आधी दिलं!" धाकटा उठून त्यांच्या खुर्चीशी आला. "बरं, एवढंच सांगा. पुढचा पूल तुटलेला असला तर माझा भाग काय करतो?"

"वळसा घालतो. आणखी काय करणार?"

"थांबतो. माणसाला विचारतो. पहिल्या पानानंतर सगळीकडे तेच लिहिलंय."

खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागले. वहिनींनी एक बटण दाबलं. नव्या कामाला दार बंद झालं. स्पीकरमधली मंडळी एकेक करून निघून गेली.

"आता तरी बोला," तो दात आवळून म्हणाला.

वहिनींनी संगणक बंद केला.

"नाही वाचलं. वाचलं असतं तर हो म्हणावं लागलं असतं. आणि या अख्ख्या नकाशात माझ्या हातचा तो जुना भागच तेवढा उरलाय, भाऊजी."