सोन्याचा भाव

साबणाचा फेस मनगटावर चोळून पूर्णिमाने जोर लावला, तशी बारा वर्षं न निघालेली पाटली सटकन निघून नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या सराफाच्या काचेवर, बाकीच्या दागिन्यांशेजारी गरगरली. सराफाने सांगितलेला आकडा ऐकून तिने नवऱ्याच्या, श्रीहर्षच्या दंडाला चिमटाच काढला. लग्नातल्या भावाच्या जवळजवळ चौपट!

"आता घर आपलंच!" रस्त्यावर येताच ती म्हणाली.

संगणकाच्या चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअरांची रीघ लागली आणि शेजारच्या फेल्डहोवनमधल्या घरांचे भाव गगनाला भिडले. पूर्णिमाचं भाड्याचं तिसरं घर जूनमध्ये सोडायचं होतं. मनात भरलेल्या एका घरासाठी बंद बोली, म्हणजे इतरांचे आकडे न कळता, द्यायची होती, तीही एकदाच.

घर हातात येईपर्यंत त्याबद्दल ब्र काढायचा नाही, दृष्ट लागते, असं आईने बजावलं होतं. ते तिने पाळलं. पण सोन्याचं सांगायला कुणाची चोरी? शनिवारच्या भिशीत तिने मोकळे हात नाचवत सगळ्यांना भाव सांगितला, सराफाचा पत्ता दिला, साबणाची युक्तीसुद्धा.

"लॉकरमध्ये ठेवून काय पूजा करायचीय? मोडा गं!"

श्रीहर्षने ऐकून कपाळाला हात लावला.

"सगळ्यांकडे पैसा आला म्हणून घरं वाढणारेत का? भाव वाढतील फक्त."

"झालं तुझं अर्थशास्त्र सुरू!" ती हसली आणि बोलीत आणखी पाच हजार युरो वाढवले.

निकालाच्या दिवशी ती फोन हातात धरूनच घरभर फिरत होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात तिची जिवलग मैत्रीण नीलांबरी, हातात पेढ्यांचा डबा.

"पूर्णिमा, घर मिळालं गं! दृष्ट लागू नये म्हणून तुलाही बोलले नाही, रागावू नकोस. तुझ्याच सराफाकडे तोडे मोडले. तू नसतीस तर जमलंच नसतं!"

पूर्णिमाने तिला मिठी मारली. तिला खरोखर आनंद झाला होता.

"कुठलं घर?"

"शाळेमागचं, एक्केचाळीस नंबर. एजंट म्हणाला, दुसरं कुणीतरी फक्त दोन हजारांनी मागे राहिलं. बिचारे!"

पूर्णिमाच्या हातातला फोन वाजू लागला. तिने तो वाजू दिला आणि डब्यातला पेढा उचलला.

"मागच्या खोलीत सकाळचं ऊन छान येतं," ती म्हणाली, "लेकीला तीच दे."

नीलांबरीच्या हातातला डबा तसाच पुढे धरलेला राहिला.